कामाचे स्वरूप: विविध

चार दिवसांत शिवगंगानं त्या माणसाला फोनवर पाच वेळा एकच गोष्ट विचारली होती. काम काय करायचं?

"को-ऑर्डिनेशन, मॅडम." नांदेडच्या भरती एजन्सीतला यज्ञेश दर वेळी तितक्याच गोडीनं सांगायचा. "मोठ्या हॉस्पिटलचा प्रोजेक्ट आहे. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. रोल एकदम डायनॅमिक आहे."

"म्हंजे टायपिंग का?"

"टायपिंग तर असणारच."

"आन लातूरला का नांदेडला?"

"दोन्हीकडं स्कोप आहे, मॅडम."

वाऱ्याची मोट बांधावी तसं बोलणं. पण शिवगंगा बेचाळिशीची, नऊ वर्षं लातूरच्या ईश्वरप्पांच्या डाळमिलमध्ये त्याच खुर्चीत बसलेली. हॉस्पिटल म्हटल्यावर तिला उगीच स्वच्छ, पांढरं, पंख्याखालचं काहीतरी दिसलं आणि तिनं मिल सोडली. लगेच रुजू होणाऱ्यालाच घेणार होते ना. अप्पांनी बंद पाकिटात अनुभवाचं पत्र दिलं. "उद्यापासून भाचीला बसवतो," एवढंच म्हणाले. शनिवारी सकाळच्या एसटीनं ती चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला उतरली.

एजन्सीच्या काउंटरवरच्या मुलीनं तिची मूळ प्रमाणपत्रं अप्पांच्या बंद पाकिटासकट मागून घेतली, प्लास्टिकच्या फाइलीत घातली, कपाटात ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. मग फॉर्म दिला. त्यात रक्तगट होता, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग होतं, सासऱ्याचंही नाव होतं. 'कामाचे स्वरूप' असा एक चौकोनही होता.

"ते रिकामं सोडा," मुलगी म्हणाली. "ते आम्ही भरतो."

शिवगंगाच्या हातातला पेन थांबला. यार्डात तुरीचं पोतं कुणी वरून बघून घेत नाही. लोखंडी परखी पोत्याच्या पोटात खुपसायची, तळहातावर चार दाणे घ्यायचे, मग बोलायचं. वर चांगली तूर आणि खाली खडे, असली पोती तिनं शेकड्यानं परत पाठवली होती. आणि इथं स्वतःची नऊ वर्षं तिनं नुसत्या फोनवरच्या बोलण्यावर देऊन टाकली होती. आधी स्वतःचाच राग आला. मग तो राग जिथं जायला हवा तिथं, एजन्सीवर गेला.

बाकावर आणखी अकरा बायका बसल्या होत्या. ती उठली आणि पहिलीपासून विचारत निघाली. तुला काय सांगितलं?

धर्माबादची उज्ज्वला नर्सिंग शिकलेली. तिला म्हणे पेशंट केअर. तिच्या शेजारची कॉम्प्युटर क्लास घ्यायची, तिला ट्रेनिंग. मोबाइलवरून साड्या विकणारीला मार्केटिंग. जिला जे येत होतं तेच तिला सांगितलं होतं. आणि बाराही जणींच्या फॉर्मवर पद एकच, को-ऑर्डिनेटर.

शेवटी इस्लापूरची भीमा बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. "मला म्हन्ले, दवाखान्यात मदत करायची हाय. पेशंटला जेवू-बिवू घालायचं."

शिवगंगा सरळ यज्ञेशच्या केबिनमध्ये गेली. फोनवर भारदस्त वाटलेला माणूस जेमतेम पंचविशीचा निघाला.

"त्या हॉस्पिटलला फोन लावा. काम काय ते त्यांच्या तोंडून ऐकू द्या."

"मॅडम, अशी प्रोसेस नसते."

"मी दारात बसते मग. लातूरची शेवटची गाडी गेली तरी चालंल."

बाहेरच्या सगळ्याजणी दारात येऊन उभ्या होत्या. यज्ञेशनं मोठ्या आत्मविश्वासानं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून जेवता जेवता बोलल्यासारखा आवाज आला, "अरे, बारा हेड पाहिजेत म्हणून सांगितलंय ना? काम काय ते आल्यावर बघू. कुणी नाटकं करून राहिलंय का?"

यज्ञेशनं घाईनं फोन कापला.

"हेड म्हंजे?" भीमानं विचारलं.

"डोकी," शिवगंगा म्हणाली. "बाजारात शेळ्या मोजतेत, तशी."

"मला झाडू-पोछा बी चालतोय, ताई," भीमा म्हणाली. "आजवर त्येच केलं. पर तसं सांगा की. घरी जेवू घालायचं म्हून सांगून आले, आता खोटी मी पडणार."

शिवगंगाचे कान तापले. तिनं टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहिलं: भीमा, इस्लापूर. काम साफसफाई. आठ तास. रातपाळी नाही. दुसरं काम सांगायचं तर आधी विचारून. कागद यज्ञेशपुढं सरकवला. "सही."

त्यानं भीमाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. डोकी कमी पडली असती. त्यानं सही केली.

मग तिनं स्वतःचा कागद लिहिला. टायपिंग आणि नोंदी, लातूर, एवढंच.

"हे नाही होणार, मॅडम. तुमच्यात फ्लेक्झिबिलिटीच नाही."

"न्हाईच हाय. कपाट उघडा."

फाइल काखेत मारून ती जिन्यावर आली, तर तो मागून आला. आवाजातला मध संपला होता. "सगळ्याजणी कागद मागतायत. त्यांचं काय लिहू मी?"

"त्यांनाच विचारा की. काय येतं ते त्यांना ठाऊक हाय. तुमालाच न्हाई."

बस स्टँडवर फाइल तपासताना अप्पांचं पाकीट हाती आलं. तिनं तोवर ते उघडलंच नव्हतं. मिलच्या लेटरहेडवर दोन ओळी होत्या: सदर महिलेने आमच्याकडे नऊ वर्षे विविध कामे केली. वागणूक चांगली.

विविध. तिनं तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. मग फोन लावला.

"बरं झालं तूच केलास," अप्पा म्हणाले. "सोमवारपासून आठ दिवस येऊन भाचीला शिकवशील का? तिला काय बी कळंना झालंय."

"काय काय शिकवायचं?"

"काय काय म्हंजे? आवक लिहायची, गेटपास काढायचे, नमुन्याच्या पिशव्यांना नंबर घालायचे, ओलावा बघायचा, गाडीवाल्यांची भांडणं मिटवायची, जीएसटीवाल्याला कागद द्यायचे, हमालांची हजेरी..." अप्पा एका दमात सांगत सुटले. कुठं अडले नाहीत.

"अप्पा," शिवगंगा म्हणाली, "एवढं सगळं पाठ हाय तुमाला. मग पत्रात का न्हाई लिहिलं?"

तिनं पाकीट पुन्हा फाइलीत सरकवलं आणि पुढं म्हणाली,

"आत्ता सांगितलं ते सगळं लेटरहेडवर लिहा, सही-शिक्क्यानिशी. ते हातात पडलं की येते शिकवायला. त्याआधी न्हाई."

"अगं, आजवर कुणी मागितलं न्हाई असलं."

"मी मागायलेय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.