देमेत्रियोच्या गोळ्या गावाने खाल्ल्या

मी एक बाटली. काचेची नखरेल नव्हे, साधी पांढरी, प्लास्टिकची. माझ्या पोटात तीस लाल गोळ्या होत्या, जीवनसत्त्वाच्या. सान्तो दोमिंगो शहरातल्या कारखान्यात आम्ही शेकडो बहिणी रांगेने पुढे सरकत होतो, तेव्हा प्रत्येकीला वाटायचं की आपण कोणाला तरी अंथरुणातून उठवणार.

माझ्या वाट्याला देमेत्रियो आला. डोंगराकडच्या गावातला ढोलवाला. सान हुआन या संताच्या सणाला पहिली थाप त्याचीच. पण डेंगीने त्याला असं पिळून काढलं होतं की चमचा उचलतानाही हात थरथरायचा. सण महिन्यावर आलेला. डॉक्टरीणबाईंनी मला त्याच्या बायकोच्या, ओनेसिमाच्या हातात दिलं.

"रोज एक, जेवणानंतर. आणि याच्याच पोटात जाऊ द्या हं!"

"म्हणजे काय! दुसरं कोण खाणार?"

तिने मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तिथेच घोळ झाला. या गावात टेबलावरच्या ज्या वस्तूवर पाहुण्याची नजर पडेल, ती पुढे करायचीच. नाहीतर घराची अब्रू जाते. पहिली आली शेजारची फेलीपा, कोंबडीचा रस्सा घेऊन.

"हे लाल लाल काय गं?"

"ताकदीच्या गोळ्या. घे ना एक!"

"नको बाई, आजाऱ्याच्या तोंडचं."

"घे म्हणते ना! लाजतेस कसली?"

मग कॉफीबरोबर गोळी हा रिवाजच पडला. न्हावी फ्लोरेन्सियो उकडलेली केळी घेऊन आला, गोळी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तो धापा टाकत परत हजर.

"ओनेसिमा, मेलो! कावीळ झाली! सकाळी लघवी पिवळीधमक!"

देमेत्रियो आजारपणात पहिल्यांदाच खदखदून हसला. "अरे गाढवा, माझंही तसंच होतं. गोळी वरून लाल, पण आतल्या जीवनसत्त्वाचा रंग पिवळा!"

बाराव्या दिवशी ओनेसिमाने टोपण उघडलं, तर आत नुसता कापूस. तिने मला उलटं करून झटकलं. दुकानात नवा माल सणानंतरच येणार होता. "माझ्या हाताने मी याची ताकद वाटून टाकली," म्हणत ती रडली. मलाही फार वाईट वाटलं. एवढ्या एकाच कामासाठी तर माझा जन्म होता.

बातमी गावभर झाली आणि गाव ओशाळलं. मग जो तो भांडं घेऊन दारात. मासे, अंडी, कंदमुळांचं दाट कालवण. फेलीपा तर समोर खुर्ची टाकून बसायची. "तळ दिसेपर्यंत मी हलायची नाही. खा, मेल्या!"

तो खात गेला. आधी अंगणापर्यंत चालला, मग चौकापर्यंत.

सणाच्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला ढोल गळ्यात अडकवताना पाहिलं. "बघा, गोळ्यांचा गुण!"

ओनेसिमाला खोटं बोलवेना. "यानं अकराच खाल्ल्या, बाई. एकोणीस गावाने."

बाईंनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात देमेत्रियोची पहिली थाप पडली आणि त्याही हसत टाळ्या वाजवू लागल्या.

बाबांनो, औषध ज्याचं त्यालाच द्या, वाटत बसू नका. पण आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊही नका. आता निरोप द्या. ओनेसिमाने माझ्यात मूठभर मका भरलाय, आणि नवऱ्याच्या ठेक्यावर ती मला हवेत खुळखुळवतेय.