पदर नसलेली मॅक्सी

मी एक जुनी मॅक्सी आहे. निळ्या जमिनीवर अबोली फुलं, बाह्यांना झालर आणि घोट्यापर्यंत घेर. आता माझा रंग विटला आहे. पण मित्रांनो, १९७४ साली साताऱ्यात माझा तोरा काय विचारता!

राजवाड्याजवळच्या एका गल्लीत मेहरुनबींचं छोटंसं दुकान होतं. बायकांचे तयार कपडे मिळणारं दुकान म्हणजे तेव्हा नवलच. त्यांचे पती मौलाभाई कापड बेतायचे आणि त्या स्वतः मशीनवर शिवायच्या. माझी झालर त्यांनी उसवून पुन्हा लावली, कारण चुण्या सारख्या पडत नव्हत्या. मग कडक इस्त्री करून त्यांनी मला दारातच टांगलं. येणारी-जाणारी प्रत्येक बाई मान वळवून बघायची. कॉलेजच्या मुली हात लावून जायच्या आणि मेहरुनबी आतून लटक्या रागानं दटावायच्या. माझे तर पाय जमिनीवर नव्हतेच.

एके दिवशी तिथून शालूबाई चालल्या होत्या. त्यांचं सासर पाटणजवळच्या गावात. नवरा मानसिंग फौजेत. माहेरपण आटोपून त्या सासरी निघाल्या होत्या. सासूबाईंनी, म्हणजे दगडाबाईंनी, येताना साताऱ्याहून एक चांगलं लुगडं आणायला सांगून पैसे दिले होते. दगडाबाईंच्या भाचीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि चार माणसांत नेसावं असं एकही लुगडं त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. शालूबाई त्याच कामाला निघाल्या होत्या, आणि वाटेत मी दिसले.

त्या थबकल्या, पुढे गेल्या आणि परत आल्या. छावणीतल्या बायका असला झगा घालतात, असं मानसिंगनी मागच्या रजेत सांगितलं होतं म्हणे. मेहरुनबींनी मला त्यांच्या अंगाला लावून समोर आरसा धरला, आणि झालं! लुगड्याचे पैसे माझ्यावर गेले. शालूबाई हरखून गेल्या होत्या आणि खरं सांगू का, मीसुद्धा.

हे हरखणं एस.टी. उंब्रजला पोचेपर्यंत टिकलं. तिथे शेजारच्या बाईनं आपला पदर नीट केला, तसा शालूबाईंचा हातही आपसूक स्वतःच्या डोईवर गेला आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. घरात सासरे लालासाहेब. त्यांच्यासमोर सुनेच्या डोईवरून पदर ढळलेला चालत नसे. आणि मला तर पदरच नव्हता! एवढी साधी गोष्ट दुकानात त्यांच्या ध्यानातही आली नव्हती.

घरी पोचल्यावर मनासारखं लुगडं मिळालं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि मला पेटीच्या तळाशी दडवलं. तिथे त्यांचं लग्नातलं जरीकाठी लुगडं होतं, एकदाच नेसलेलं. ते बिचारं डांबरगोळ्यांच्या वासात निमूट पडून होतं. मी मात्र दाराची हवा खाल्लेली, माझा जीव नुसता गुदमरायचा.

दगडाबाईंनी ते खरं मानलं. त्यांनी जुनंच लुगडं धुऊन काढलं आणि उन्हात बसून त्याला टाके घालायला घेतले. नजर अधू झालेली, सुईत दोरा जाईना. त्यांनी शालूबाईंना हाक मारली. शालूबाईंनी दोरा ओवून दिला, पण मग त्यांना राहवेना. तडक आत येऊन त्यांनी पेटी उघडली आणि मला नेऊन सासूच्या मांडीवर ठेवलं.

"आत्याबाई, लुगड्याच्या पैशाचं ह्ये घेतलं मी. मिळालं न्हाई म्हनलं, ती थाप हुती."

दगडाबाईंनी मला रागानं उचललं. आता आपली रवानगी चुलीत, असं मी धरूनच चालले. पण त्या मला उलटंसुलटं करून चाचपत राहिल्या.

"ह्याचा पदर कुटं हाय?"

"पदर न्हाई त्याला," शालूबाई रडत म्हणाल्या.

"मग तू घालनार कवा?"

 सासूला चोरून हौस केली आणि ती भागवायची सोयच नाही! दगडाबाई सुनेकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता त्यांचा राग हसण्यात गेला. त्यांनी सुनेला आत नेऊन दार लावून घेतलं आणि मला घालून दाखवायला सांगितलं. शालूबाई मला घालून, डोईवर टॉवेल घेऊन, चोरासारख्या समोर उभ्या राहिल्या. दगडाबाईंनी तो टॉवेल काढला. मग हातातल्या त्या जुन्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडून सुनेच्या डोईवर घातला. हिरवा पदर माझ्या निळ्या रंगाला मुळीच शोभत नव्हता. तरी त्या दिवसाइतकी मी पुन्हा कधी नटले नाही.

"आवं, आता लग्नाला काय नेसनार तुमी?" शालूबाई घाबरून गेल्या.

"तुज्या पेटीतलं जरीचं दे की. लेकीचं लुगडं आई नेसती न्हवं?"

शालूबाई त्यांच्या गळ्यात पडल्या. मध्ये मी पार चुरगळून गेले, पण मी म्हटलं, चुरगळू दे.

पुढे कितीतरी वर्षं तो पदर घेऊन शालूबाईंनी मला घरात वापरलं. मित्रांनो, दारात टांगलेला कपडा भुरळ घालतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हौस जरूर करा. पण कुणी विश्वासानं काही आणायला सांगितलं असेल, तर आधी ते आणा. आणि घेतलेला कपडा पेटीत कोंडू नका. तो घाला, धुवा, फाटला तर शिवा. अंगावर विरण्यातच आमचा आनंद असतो.

त्या लग्नाला मी काही गेले नाही. तिथली हकिगत शालूबाईंनी परत आल्यावर, मला घालता घालता, स्वतःशीच बोलल्यासारखी सांगितली. मांडवात बायकांनी दगडाबाईंच्या जरीच्या काठाला हात लावून पाहिला. कुणी घेतलं म्हणून विचारलं, तर लेकीनं दिलं, असं त्या म्हणाल्या. साऱ्यांना ठाऊक, दगडाबाईंना सगळे मुलगेच. कुठली लेक, म्हणून बायका हसल्या. तेव्हा पंगतीत वाढणाऱ्या शालूबाईंकडे बोट करून दगडाबाई म्हणाल्या, "ती काय, तितं भात वाढतीया."