एकोणीस वर्षं, शून्य गुण

कपाटाने रग्बीला आयुष्याची एकोणीस वर्षं दिली. बदल्यात रग्बीने त्याला मान दिला नाही, उलट होती ती मान घेतली. मागून कोणी हाक मारली तर तो अख्खा वळतो.

‘कपाट’ हे नाव संघातलं. संघ हौशी, म्हणजे हाडं आपली आणि हौसही आपली. आठवडाभर तो दुकानात पाठीला आराम देणाऱ्या गाद्या विकायचा. नमुना दाखवायला आडवा व्हायचा, उठताना “आई गं!” म्हणायचा आणि गिऱ्हाईक घाबरून सगळ्यात जाड गादी घेऊन जायचं. मालक त्याच्या खेळावर भलताच खूश होता.

मैदानावर तो पहिल्या फळीत. स्क्रम लागला की आठ जणांनी समोरच्या आठांच्या खांद्यांत डोकी खुपसायची आणि रेटायचं. चेंडू पायांमधून मागे जातो, मागचे सडसडीत लोक तो घेऊन पळतात, शेवटच्या रेषेपलीकडे टेकवतात, गुण मिळवतात आणि त्यांचे फोटो निघतात. कपाटाच्या नावावर एकही गुण नव्हता. फोटो होता एक. त्यात पाठ छान आली होती.

त्याच्या शेवटच्या सामन्याच्या सकाळी मुलगी म्हणाली, “बाबा, माझ्या मैत्रिणी येणारेत. तुम्ही तिथे नक्की करता काय, ते मला कधी सांगताच येत नाही. आज एकदा तरी चेंडू टेकवा ना.”

“टेकवतो की! त्यात काय?”

“वाकता येत नाही, टेकवणार कसे?” त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत बायको म्हणाली.

कप्तान पेशाने दातांचा डॉक्टर होता. या खेळात त्याचं दोन्ही बाजूंनी भलं व्हायचं. तो म्हणाला, “कपाटा, आज चेंडू तुला देणारच. फक्त सरळ पळ.”

“किती?”

“दहा पावलं. मग वाक. नाहीतर पड, तेही चालतं.”

संघ तीस गुणांनी हरत होता, त्यामुळे प्रयोगाला कोणाची हरकत नव्हती. शेवटच्या मिनिटाला कप्तानाने सगळे प्रतिस्पर्धी स्वतःच्या अंगावर ओढले आणि चेंडू कपाटाकडे फेकला. कपाटाने तो चक्क झेलला. समोर हिरवळ, पांढरी रेषा आणि मध्ये चिटपाखरू नाही.

कपाट थांबला.

एकोणीस वर्षांत समोर कोणीच नाही, असं कधी झालंच नव्हतं. रेटायचं कुणाला? तो डावीकडे वळला, अख्खा. मग उजवीकडे.

“अरे पळ, गाढवा!” कप्तान ओरडला.

तेवढ्यात तिघे प्रतिस्पर्धी धापा टाकत समोर येऊन उभे राहिले. परगावी अचानक ओळखीचं माणूस भेटावं तसा कपाटाचा चेहरा फुलला. त्याने डोकं खाली घातलं आणि तिघांना नऊ पावलं रेटत नेलं. रेषेच्या हातभर अलीकडे सगळे कोसळले. तळाला कपाट. सवयीने त्याने चेंडू मागे सरकवला. कप्तानाने तो उचलून रेषेपलीकडे टेकवला. फोटो निघाला.

सामना संपल्यावर कपाट बाकावर बसला. मुलगी आली.

“नाही जमलं गं.”

“मैत्रिणी विचारत होत्या, तुझे बाबा कोणते?”

“मग?”

“म्हटलं, त्या ढिगाच्या तळाशी बूट दिसतायत ना, ते.” ती शेजारी टेकली. “आणि काय करतात, तेही सांगितलं. म्हटलं, ते रेटतात.”

कपाटाने मान डोलवली. म्हणजे, अख्खा डोलला.