मतदानापुरती वाफ

"मेन व्हॉल्व्ह उघडू का, साहेब? प्रेशर आलंय," बॉयलरवर चढलेल्या मिस्त्रींनी विचारलं.

"नको. भट्टी तेवढी पेटती ठेवा. धूर लोकांना दिसला पाहिजे," मॅनेजर म्हणाला आणि फोन कानाला लावून चालता झाला.

मिस्त्री तसेच उभे राहिले. पलीकडे कागदाची यंत्रं थंडगार पडली होती. वाफ तिकडे सोडायचीच नाही, तर कागद काय फुंकर मारून वाळवणार होते? चौदा वर्षं बंद पडलेला हा कारखाना याआधी दोनदा असाच पेटला होता, दोन्ही वेळा निवडणुकीच्या तोंडावर, आणि निकालानंतर आठवडाभरात विझला होता. या खेपेला मात्र सरकारने मोठं अनुदान जाहीर केलं, पाच वर्षं कर माफ केला, दीडशे माणसांची यादी फाटकावर लागली. दोनदा तोंडाला पानं पुसली गेली तरी मिस्त्री तिसऱ्यांदा विरघळले. यादीत त्यांनी मुलाचंही नाव घालून घेतलं.

मुलगा दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, नऊ वर्षं, कायम नोकरीत. बदली माणसाला बसवून मिस्त्री त्या दुपारी जेवायला घरी आले, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"बाबा, उद्या राजीनामा देतोय. पक्कं आहे ना? हे लोक पुन्हा घेणार नाहीत."

मिस्त्रींना खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण बायको हात पुसत, कान टवकारून शेजारी उभी होती. वरची खोली तिने कालच झाडून घेतली होती. अर्थात, बायकोला पुढे करण्यात काही अर्थ नाही. रोज जेवताना समोर मुलगा बसलेला हवा होता तो त्यांनाच.

"भट्टी मीच पेटवलीय," ते म्हणाले. "ये तू."

मुलगा सुनेला घेऊन आला. पंचवीस दिवस दीडशे माणसांनी यंत्रं पुसली, तेल घातलं, पुन्हा पुसली. पगारी पुसापुशी! मंत्री आले, चिमणीकडे बोट दाखवून बोलले, टाळ्या घेऊन गेले. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी कोळशाचा ट्रक आलाच नाही. निकाल लागला, अनुदानाचा फेरविचार सुरू झाला आणि फाटकाला कुलूप पडलं.

मिस्त्री घरी आले तेव्हा मुलगा पायरीवर बसला होता.

"तुम्हाला कधी कळलं, बाबा?"

थाप मारायलाही आता जीभ वळेना. "पहिल्याच दिवशी. व्हॉल्व्ह उघडू दिला नाही तेव्हा."

"मी फोन केला त्याच्या आधी?"

"आधी."

मुलगा उठून आत गेला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर मिस्त्रींनी त्या आनंदाने ऐकल्या असत्या.

हातापाया पडल्यावर जुन्या कंपनीने त्याला घेतलं, पण रोजंदारीवर, त्यानेच शिकवलेल्या माणसाच्या हाताखाली. शहरात खोली मिळेपर्यंत सून इथेच राहणार होती. तो निघाला त्या सकाळी मिस्त्री न विचारताच बसथांब्यापर्यंत बरोबर गेले. बस आली. बॅग वर चढवायला मिस्त्रींनी हात पुढे केला.

मुलाने बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"राहू द्या, बाबा," तो म्हणाला. "जड आहे."