बाबांचे खुबे

"बाबा, तुमचं दुखणं मलापण होणार का?"

प्रश्न एकदाचा तोंडातून बाहेर पडला. शाळेच्या कँटीनमध्ये वर्गातल्या नयनाने डिवचलं होतं, "रोज सुबह कमर पकड़ के बैठती है. हिम्मत है तो आज पापा से पूछ." मुक्ताने ऐटीत "पूछूँगी" म्हटलं होतं. पण विकास नगरच्या गर्दीत, बाबा गाडी चालवत असताना आणि मागे आई मांडीवर बाबांच्या एक्स-रेचं पाकीट घेऊन बसलेली असताना विचारायचं, असं काही ठरलं नव्हतं.

हृषीकेशरावांनी मान वळवली नाही. ती वळतच नसे. पाठीचे मणके तरुणपणीच एकमेकांना चिकटून बसलेले. त्यामुळे शेजारी बसेल त्याने त्यांचे डोळे व्हायचं, हा टिकेकरांच्या घरचा रिवाज.

"आधी डावीकडचं सांग."

"ई-रिक्षा आहे. जाऊ दे तिला. हां, आता घ्या."

त्यांनी गाडी उसाच्या रसाच्या ठेल्याजवळ लावली. "होऊ शकतं. होईलच असं नाही. का गं?"

"सकाळी पाठ लाकडासारखी होते. कथकचे चार तुकडे केले की मोकळी. दोन-तीन महिने झाले."

"आणि आज सांगतेस?" अरुणाताई मागून म्हणाल्या.

"आधी सांगितलं असतं तर तू क्लास बंद केला असतास."

अरुणाताईंनी मांडीवरचं पाकीट सरळ केलं. केलाच असता.

हृषीकेशराव रेल्वेत इंजिनिअर. पंचविशीत ट्रॉलीवरून रूळ तपासत हिंडताना पाठ धरली, तेव्हा सगळे म्हणाले, ट्रॉलीचे धक्के. तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला. रोगाला मणक्यांचा संधिवात हे नाव मिळेतो दोन्ही खुबे कामातून गेले होते. मग नवे बसवले. त्याच खुब्यांवर ते बोहल्यावर चढले आणि त्याच खुब्यांवर जानकीपुरमच्या घराचा जिना भाजीच्या पिशव्यांसकट चढत आले. मांडी घालणं तेवढं सुटलं. गणपतीची पूजा ते स्टुलावर बसून करत. आज डॉक्टर म्हणाले होते, उजव्या खुब्याच्या वाटीचं अस्तर जरा झिजलंय, पण बावीस वर्षांच्या मानाने झकास. पोरीचा निकाल लागावा तसे ते तेव्हापासून खुशीत होते.

"लग्नात मी वळून एकदाही हिच्याकडे पाहिलं नाही," ते म्हणाले. "हिला वाटलं, नवरा घमेंडखोर आहे."

"अजून वाटतं," अरुणाताई म्हणाल्या.

मुक्ता हसली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटतं का?"

"खुब्यांचं? छे गं. सोन्यासारखे टिकले. पाठीचं वाटतं कधीकधी. वेळेवर कळलं असतं तर इतकी आखडली नसती. आता तर औषधंही चांगली आलीत." त्यांनी समोरच्या काचेकडेच बघत पुढे म्हटलं, "तू नाचताना खांद्यावरून मागे बघतेस ना, ते मला फार आवडतं."

ठेलेवाला भैया तीन ग्लास घेऊन आला. मुक्ताने ते खिडकीतून घेतले, एक मागे दिला, एक बाबांच्या हातात.

"क्लास थोडे दिवस..." अरुणाताईंनी सुरुवात केली.

"आई, बाबा, ऐका," मुक्ता म्हणाली. "उद्या मी शाळेला जात नाही. त्याच डॉक्टरांकडून तपासून घेणार आहे. आणि तपासणीत काहीही निघो, क्लास सोडायचा की नाही हे मी त्यांनाच विचारणार. तुम्ही दोघं फक्त सोबत या."