दंडावरचा ताड

"रडू नको बाय, सुई माजी मुंगी गं,
मुंगी चालली डोंगराला, मागं ठेवली पावलं गं…"

पारूआत्याचा हा आवाज दीपालीच्या कानात अगदी लहानपणापासूनचा. आत्यानं तिला मांडीत घट्ट धरलं होतं, तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधल्या होत्या, आणि काजळीत बुडवून तिच्या दंडावर ताडाचं झाड टोचलं होतं. पोर रडत होती, आत्या गात होती. गाणं सरलं तेव्हा दंडावर झाड उभं होतं. "आता तू आपल्या वारली जमातीची पोर," आत्या म्हणाली होती, "कुटं बी जा, तू कोन, हे कोनाला इचारायची गरज नाय."

आज एकोणीस वर्षांची दीपाली त्याच झाडावर बाही ओढून अंगणाच्या कडेला बसली होती. भर उन्हात पूर्ण बाह्यांचा कुर्ता.

हवाई दलात अग्निवीर व्हायचं तिनं मनाशी धरलं होतं. पाड्यावरून अंधारात निघायचं, बोईसरला पोचायचं, कारखान्यांचा उग्र वास नाकात घेत रस्त्यावर धावायचं. लेखी परीक्षा पास झाली. धावण्यात तर मुलींत पहिली. तिचा बाप सुका एका कारखान्यात पॅकिंगला होता, त्यानं आपल्या पाळीतल्या सगळ्यांना वडे खाऊ घातले. "माजी पोरगी इमानवाल्यांत चालली," असं तो वॉचमनलासुद्धा थांबवून सांगायचा. मग मुंबईला शरीरतपासणी झाली, आणि दीपाली अनफिट होऊन परत आली.

घरी तिनं एवढंच सांगितलं, "गोंदनामुळं नाय घेतलं."

पारूआत्या चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात पिठातच थांबले. मग ती उठली आणि सुयांची पुरचुंडी छपराच्या वाशात खोल खोचून आली. त्या दिवसापासून तिनं दीपालीच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता.

आणि आज शेजारची मंजुळा आपल्या तेजलला घेऊन आली होती. तेजलचं लग्न तोंडावर आलेलं.

"पारू, बस आता. पोरीच्या हातावर काडीभर तरी गोंदन नको? सासू म्हनंल, कोरी पाटी पाठवली."

"मी सोडलं ते," आत्या म्हणाली.

"सोडलं? का, सुया मुंग्यांनी खाल्ल्या?"

तेजल खुदकन हसली. "आत्या, माज्या नवऱ्याचं नाव नको हां टोचूस. उद्या भांडन झालं तर काय हात तोडू?"

एरवी आत्यानं यावर दहा टोमणे मारले असते. आज ती नुसती जमिनीकडं बघत राहिली. "बोयसरला मशीनवाला हाय, त्याच्याकडं जा. माजा हात चांगला नाय. एकीची नोकरी खाल्ली."

दीपालीनं बाही आणखी खाली ओढली.

त्या दिवशी मुंबईत तपासणीच्या खोलीत रांग होती. तिच्या मागं मोनाली, वीजकेंद्राच्या कॉलनीत राहणारी. वर्षभर दोघी भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत एका डब्यात जेवल्या होत्या. एकदा पालघरच्या बाजारात रानभाजी विकणाऱ्या वारली बायकांचे गोंदलेले हात बघून मोनाली म्हणाली होती, "ते हिरवे हिरवे डाग बघून मला शहारेच येतात गं. धुतले तर जात नाहीत का?" दीपाली हसली होती. त्यानंतर तिनं कधी अर्ध्या बाह्या घातल्या नाहीत. आडनाव कुणाचंही असू शकेल असं, आणि बोलणं शाळेत कमावलेल्या शुद्ध मराठीतलं. कुणी विचारलं नाही, तिनं वारली असल्याचं सांगितलं नाही.

डॉक्टरबाईंनी दंड बघितला. "ये आपके समाज का है, बेटा? रिवाज से बनवाते हैं?"

रिवाजाचं असेल तर तसं सांगा, ते वेगळं धरतात, हे अकॅडमीच्या सरांनी आधीच बजावलं होतं. शब्द जिभेवर आला. पाठीमागं मोनालीचा श्वास लागत होता.

"नहीं मॅडम. मेले में बनवाया. शौक से."

बाईंनी पेन थांबवलं. "सोचकर बोलो."

"शौक से, मॅडम."

पेन चालू झालं. मागून मोनाली कुजबुजली, "अगं, कसलं भारी झाड आहे! एवढे दिवस लपवून काय ठेवलंस?"

अंगणात मंजुळा अजून बसून होती. "असं कुटं असतं का? पिढ्यान् पिढ्या टोचत आलो. सरकारला आताच दिसलं?"

"सरकारचं नाय गं, माजंच चुकलं," आत्या म्हणाली. ती उठली, दीपालीच्या समोर येऊन बसली. किती दिवसांनी तिनं नजर वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं, कोरड्या विहिरीसारखे डोळे होते. तिनं हळूच दीपालीची बाही वर सारली. झाडावर बोट ठेवलं, जसं दुखणाऱ्या जागेवर ठेवतात.

"ऐक बाय. मशीननं पुसून निघतं म्हनं. मी टोचलंय, मीच सांगते, पुसून ये. परत भरती निघंल तवा कोरी जा." तिनं झाडावरचं बोट उचललं. "मला काय ठाव होतं, तू एवडी वर जाशील. मी आपली डोंगराखालची बाई. माफ कर मला."

आणि तिनं हात जोडले. आत्यानं. भाचीसमोर.

तेजलचं हसू मावळलं होतं. मंजुळानं तोंडाला पदर लावला. दीपालीनं ते जोडलेले हात धरले, ओढून सोडवले, पण आत्या पुन्हा जोडायला लागली.

"नको आत्या, नको ना हात जोडूस. गोंदनानं नाय गेली माजी नोकरी. डॉक्टरबाईनं इचारलं, तुमच्या रीतीचं हाय का. दोनदा इचारलं. रीतीचं असलं तर ऐकून घेतात, मला म्हाईत होतं. मी म्हनाले, नाय, जत्रेतलं हाय. मोनाली मागं होती. मला लाज वाटली. तुजी लाज वाटली, आत्या."