आराम पाडणारा पट्टा

पहाटे धावून आलेली मंडळी आज मैदानाच्या पायऱ्यांवर न बसता एका टेबलाभोवती गर्दी करून उभी होती. डॉक्टरबाईंनी लांबूनच ओळखलं, पुन्हा काहीतरी आलंय. गेल्या खेपेला बर्फाचं पिंप होतं, त्याआधी चुंबकाचे मोजे. माणसं शिकलेली, कमावती. पण पोटरी दुखली की अक्कल गहाण टाकतात. बाईंना आताशा रागही येत नसे, नुसता कंटाळा येई.

आज त्या नणंदेसाठी आल्या होत्या. रविवारी तिची मोठी शर्यत होती. तिच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर असावी, असा बाईंना दाट संशय होता. त्यांनी धावायचं नाही म्हणून बजावलं होतं. पण ती एक्स-रे काढायला तयार नव्हती. नडगीवरचा निळ्या दिव्याचा पट्टा दाखवून म्हणायची, आता काही दुखत नाही.

टेबलामागे तसलेच पट्टे विकणारे गृहस्थ, पट्टेवाले, उभे होते. पट्ट्यातल्या सूक्ष्म लहरी पेशींशी बोलतात, थकवा शोषून घेतात आणि पट्टा चार्जिंगला लावला की तो थकवा भिंतीतून जमिनीत उतरतो, हे सगळं ते न अडखळता सांगत होते. मग त्यांनी धावणाऱ्यांच्या क्लबच्या सेक्रेटरींना एका पायावर उभं केलं, हात आडवा धरायला लावला आणि दाबला. सेक्रेटरी कलंडले. पट्टा बांधून पुन्हा दाबला, तर जागचे हलले नाहीत. टाळ्या पडल्या.

बाई पुढे झाल्या. आपल्या केसांचं रबर काढून त्यांनी सेक्रेटरींच्या मनगटात अडकवलं आणि हात दाबला. सेक्रेटरी ताठ उभे. रबर काढून दाबला, तर धडपडले.

"पाडायचं असेल तर मनगटावर दाबायचं, उभं ठेवायचं असेल तर कोपराच्या वर," बाई म्हणाल्या. "पट्ट्याऐवजी चप्पल अडकवलीत तरी चालेल."

लोक हसले, पण पट्टेवालेही हसले. ती नुसती गंमत होती म्हणे, खरा पुरावा लोकांचे पाय. लगेच गर्दीतल्या, आधीच पट्टा घेतलेल्या एका बँकवाल्यांनी सांगितलं की त्यांना खरंच आराम पडला. बाईंनी विचारलं, पट्टा बांधून करता काय? बँकवाल्यांनी नियम घडाघडा म्हणून दाखवले: आठवडाभर धावायचं नाही, पाय उशीवर ठेवायचा, लवकर झोपायचं, नाहीतर लहरी फुटतात.

बाई मटकन पायरीवर बसल्या.

"अहो, हेच मी वर्षानुवर्षं सांगतेय. मी 'आराम करा' म्हटलं की तुम्ही कानाडोळा करता आणि हे 'आराम पडेल' म्हणाले की रांग लावता. केलात म्हणून पडला. पट्टा नुसता सोबतीला होता. आराम न करता, नुसत्या पट्ट्याने कुणाला बरं वाटलंय? एकाने तरी सांगा."

पट्टेवाले वायरी गुंडाळू लागले.

"मी नाही केला आराम," मागून नणंद म्हणाली. पट्ट्यावर भिस्त ठेवून ती रोज धावत होती. पट्ट्याच्या थरथरीने पाय बधिर व्हायचा, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. "आता जिना उतरतानाही दुखतं, वहिनी. रविवार हातचा जाईल म्हणून बोलले नाही तुला."

बाईंनी खाली वाकून तिचा पट्टा सोडला. सुजेवर बोट टेकताच नणंद कळवळली.

"चल, एक्स-रे काढू. रविवारी तू धावायची नाहीस."

ती रडू लागली. बाईंनी तिला रडू दिलं.

तेवढ्यात सेक्रेटरींनी जवळ येऊन हळूच विचारलं, यापेक्षा चांगलं एखादं यंत्र डॉक्टर सुचवतील का?

बाईंनी नणंदेला एका बाजूने धरलं.

"सेक्रेटरीसाहेब, कुणीही चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, ही वस्तू काढून ठेवली तर काय होईल? आणि उत्तर विकणाऱ्याकडून घेऊ नका, स्वतः पडताळून बघा. बाकी यंत्राबिंत्राचं नंतर. आधी हिला त्या बाजूने धरा. पाय जमिनीला टेकू देऊ नका."